सुपर लीगची फेररचना: प्रेक्षक वाढवायचे असतील तर कामाचा क्रम कसा ठेवावा

इंग्लंडच्या उत्तर भागातील सुपर लीग ही व्यावसायिक रग्बी लीग स्पर्धा १९९६ साली १२ संघांनिशी सुरू झाली. १९९९ साली संघ १४ झाले, २००० साली पुन्हा १२, २००९ साली १४, २०१५ साली १२ आणि २०२६ च्या हंगामापासून पुन्हा १४. कोणाला वरच्या श्रेणीत घ्यायचे आणि कोणाला खाली पाठवायचे, याचे नियमही या काळात वारंवार बदलले. तरीही फेररचनेचा विषय निघाला की पहिली चर्चा संघसंख्येचीच होते. हा प्रकार म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला. मैदानावर येणारा माणूस संघ मोजून येत नाही. आजचा सामना हरलो तर आपले काय जाईल हे त्याला कळावे लागते, आणि ज्या नियमांच्या भरवशावर त्याने वर्षभराचे तिकीट काढले ते नियम पुढच्या वर्षीही टिकतील अशी खात्री त्याला लागते. म्हणून पुढे दिलेल्या क्रमात संघसंख्या जवळजवळ शेवटी येते.

खेळ कोणाचा आहे, ते आधी पाहावे

रग्बी लीग आणि रग्बी युनियन हे दोन वेगळे खेळ आहेत. २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडील क्लबांनी राष्ट्रीय संघटनेतून बाहेर पडण्याचा निर्णय घेतला, आणि त्यामागचे कारण मजुरीचे होते. सामन्यासाठी खाणीतली किंवा गिरणीतली पाळी सोडणाऱ्या खेळाडूला बुडालेल्या मजुरीची भरपाई मिळावी, असे या क्लबांचे म्हणणे होते. हौशीपणाचा आग्रह धरणाऱ्या संघटनेला ते मान्य नव्हते. (गिरणगावात वाढलेल्या मुंबईकराला हा वाद फारसा समजावून सांगावा लागणार नाही.) पुढे तिकीट काढून येणाऱ्याला चेंडू सतत फिरताना दिसावा म्हणून या क्लबांनी खेळातच फेरफार केले. १९०६ साली संघात १५ ऐवजी १३ खेळाडू झाले, आणि आज एका संघाला सहा टॅकल (चेंडू घेऊन धावणाऱ्याला पकडून रोखणे) होईपर्यंतच चेंडू राखता येतो. त्यामुळे प्रेक्षकांसाठी नियम बदलणे या खेळाच्या परंपरेत बसते. क्लब आणि गाव यांची गाठ सोडणे मात्र बसत नाही.

ही गाठ किती घट्ट आहे, याचा अनुभव १९९५ साली आला. रुपर्ट मर्डोक यांच्या कंपनीकडून मिळणाऱ्या मोठ्या रकमेच्या मोबदल्यात नवी स्पर्धा उभी करायचे ठरले, तेव्हा मूळ आराखड्यात शेजारशेजारच्या क्लबांची विलीनीकरणे होती. कॅसलफर्ड, वेकफील्ड आणि फेदरस्टोन यांचा मिळून ‘कॅल्डर’ नावाचा एकच संघ होणार होता. फेदरस्टोन हे खाणकामगारांचे छोटे गाव, पण त्याच्या क्लबने १९८३ साली वेम्बलीवर हल एफसी या संघाला हरवून चॅलेंज कप ही बाद पद्धतीची स्पर्धा जिंकलेली होती. प्रेक्षकांनी कडाडून विरोध केला आणि काही आठवड्यांतच ती योजना गुंडाळावी लागली. चार वर्षांनी हलचे गेट्सहेडशी आणि हडर्सफील्डचे शेफील्डशी विलीनीकरण करून पाहण्यात आले. दोन्ही ठिकाणी अखेर मूळ गावाचाच क्लब उरला. हल शहरात तर पश्चिम भाग काळ्या-पांढऱ्या हल एफसीचा आणि पूर्व भाग लाल-पांढऱ्या हल केआरचा, ही नदीने केलेली वाटणी घराघरांत पाळली जाते. दोन क्लब एकत्र केले की दोघांचे प्रेक्षकही एकत्र होतात, हे गृहीतक कोणत्याही आराखड्यात आढळले, तर बाकीचा आराखडा वाचण्याआधी ते खोडून टाकावे.

एक हंगाम मोजणीसाठी ठेवावा

फेररचना जाहीर करण्यापूर्वी निदान एक पूर्ण हंगाम सर्व क्लबांनी एकाच पद्धतीने नोंदी ठेवाव्यात. विकलेले तिकीट आणि दारातून प्रत्यक्ष आत आलेला माणूस या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत; वर्षभराचे तिकीट काढूनही पावसाळी गुरुवारी घरी बसणारा प्रेक्षक हाच पुढच्या वर्षी तिकीट न काढणारा प्रेक्षक असण्याचा संभव मोठा असतो. म्हणून दर सामन्यानंतर वर्षभराचे तिकीट असलेल्यांपैकी किती आले, फुकट किंवा सवलतीच्या तिकिटावर किती आले, पाहुण्या संघाबरोबर किती आले आणि आयुष्यात पहिल्यांदाच किती आले, हे वेगवेगळे लिहावे. शेवटचा आकडा मिळवणे अवघड असते, पण तिकीट ऑनलाइन विकले जात असल्यास अशक्य नाही. या नोंदींशिवाय केलेली फेररचना यशस्वी झाली की फसली, हे नंतर कोणालाही सांगता येत नाही, आणि मग ज्याचा आवाज मोठा त्याचे मत खरे ठरते.

वेळापत्रक

बारा संघांच्या स्पर्धेत प्रत्येकाशी एकदा घरी आणि एकदा बाहेर खेळले तर २२ सामने होतात. म्हणजे घरच्या मैदानावर ११. क्लबांना तेवढ्यात खर्च भागवता येत नाही, म्हणून काही प्रतिस्पर्ध्यांशी आणखी एकेक सामना ठेवून आणि त्यात सर्व संघ एकाच मैदानावर खेळतात त्या ‘मॅजिक वीकेंड’ची एक फेरी मिळवून हंगाम २७ फेऱ्यांचा केला गेला. यातून घरचे सामने १३ झाले खरे, पण त्याची किंमतही मोजावी लागली. एकाला जादा सामन्यांत बलाढ्य संघ आले आणि दुसऱ्याला दुबळे, त्यामुळे गुणतक्त्यावरचा विश्वास कमी झाला. शिवाय चॅलेंज कप आणि हंगामाअखेर विजेता ठरवणारे प्ले-ऑफ सामने धरून तेच दोन संघ एका वर्षात चार-पाचदा समोरासमोर येण्याची वेळ आली. गुड फ्रायडेला विगन आणि सेंट हेलन्स यांच्यात होणारी डर्बी महिनोन्‌महिने आधी चर्चेत असते, ती वर्षातून फारदा होत नाही म्हणूनच. अशा सामन्यांची यादी आधी करावी, त्यांचे दिवस पक्के करावेत आणि उरलेले वेळापत्रक त्यांच्याभोवती रचावे.

त्यानंतर सामन्याच्या वाराचा विचार करावा. २०२४ पासून स्काय वाहिनी सुपर लीगचे सर्व सामने दाखवते आणि काही सामने बीबीसीवर विनाशुल्क पाहता येतात. खेळाच्या प्रसाराला हे पोषक असले, तरी वाहिनीच्या सोयीने सामने गुरुवारपासून रविवारपर्यंत विखुरले की हलहून विगनला जाणाऱ्या कामगाराला परतायला मध्यरात्र होते, आणि शाळकरी मुलांना घेऊन येणारे पालक तर येतच नाहीत. प्रत्येक क्लबाच्या घरच्या सामन्यांपैकी निदान दोन-तृतीयांश सामने ठरलेल्या एकाच वारी व्हावेत आणि उरलेल्यांत बदल करायचा असल्यास दोन महिने आधी कळवावा, अशी अट प्रक्षेपणाच्या करारातच घालावी. करार झाल्यावर केलेल्या विनंतीला कोणी भीक घालत नाही.

मॅजिक वीकेंडमध्ये २००७ पासून एक संपूर्ण फेरी एकाच मोठ्या मैदानावर खेळली जाते. कार्डिफ, एडिंबरा, मँचेस्टर, न्यूकॅसल, लिव्हरपूल अशी तिची ठिकाणे बदलत आली आहेत. ही आहे त्या प्रेक्षकांची जत्रा आहे असे मानून ती चालवावी. तिच्यामुळे न्यूकॅसलमध्ये नवे प्रेक्षक तयार होतील ही अपेक्षा ठेवू नये, कारण एका शनिवार-रविवारी पाहिलेला खेळ पुढच्या आठवड्यात पाहायला तेथे सुपर लीगचा संघच नसतो. आपल्याकडे याच्या नेमके उलट उदाहरण आहे. २०२५ च्या हंगामात प्रो कबड्डीचे सामने विशाखापट्टणम, जयपूर, चेन्नई आणि दिल्ली येथे झाले. यू मुम्बा आणि पुणेरी पलटण यांच्या चाहत्यांना आपला संघ पडद्यावरच पाहावा लागला. प्रक्षेपणावर उभ्या राहिलेल्या लीगला हे परवडते. घरच्या मैदानावरच्या तिकीटविक्रीचा मोठा आधार असलेल्या लीगला ते परवडणार नाही.

प्ले-ऑफमध्ये निम्म्याहून अधिक संघ घेऊ नयेत. २००९ ते २०१४ या काळात १४ पैकी ८ संघ घेतले जात, आणि लीड्सने २०११ व २०१२ अशी लागोपाठ दोन वर्षे पाचव्या क्रमांकावरून येऊन विजेतेपद मिळवले. लीड्सच्या चाहत्यांना ते आयुष्यभर पुरेल. पण पाचवा येऊनही जिंकता येते असे दिसल्यावर मे महिन्यातल्या सामन्यासाठी जीव टाकण्याचे कारण उरत नाही.

वर कोण आणि खाली कोण

फेररचनेतला सर्वांत नाजूक भाग हाच आहे, आणि सुपर लीगने यात जवळजवळ सर्व प्रयोग करून झाले आहेत. २००९ साली बढती-घसरण थांबवून ठरावीक मुदतीचे परवाने दिले गेले. क्लबांना स्थैर्य मिळावे हा हेतू होता, पण तळाच्या संघांच्या सामन्यांतली धग गेली आणि वेल्समधला क्रुसेडर्स हा परवानाधारक क्लब २०११ नंतर पैशाअभावी बाहेर पडला. २०१५ साली उलट टोक गाठले गेले: दोन श्रेणींतले २४ संघ हंगामाच्या मध्यात आठ-आठच्या तीन गटांत विभागायचे आणि अखेरीस वरच्या श्रेणीतल्या एका जागेसाठी एकच निर्णायक सामना खेळवायचा. त्या सामन्याला ‘मिलियन पाउंड गेम’ असे नाव पडले.

२०१६ चा हा सामना लक्षात घेण्यासारखा आहे. हल केआर आपल्या मैदानावर सॅल्फर्डविरुद्ध शेवटच्या क्षणांपर्यंत १८-१० असा पुढे होता. सॅल्फर्डने त्या उरल्यासुरल्या वेळात बरोबरी साधली, आणि जादा वेळेत गॅरेथ ओब्रायनने दूरवरून मारलेल्या ड्रॉप गोलने (चेंडू जमिनीवर टाकून उसळताच खांबांमधून मारणे, गुण एक) सामना १९-१८ असा जिंकला. नाट्य म्हणून याला तोड नव्हती. मात्र त्या एका लाथेने हल केआर खालच्या श्रेणीत गेला, आणि पुढच्या हंगामाचे खेळाडूंचे करार, कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्या, प्रायोजकांची आश्वासने सारे अधांतरी झाले. ज्या स्पर्धेत ऑक्टोबरपर्यंत आपण कोणत्या श्रेणीत असू हे कळत नाही, त्या स्पर्धेत नोव्हेंबरात वर्षभराची तिकिटे विकायची कशी, या प्रश्नाला त्या रचनेत उत्तर नव्हते. २०१८ नंतर ती मोडीत निघाली.

सध्याची पद्धत गुणांकनाची आहे. २०२२ साली आयएमजी या क्रीडा व्यवस्थापन कंपनीशी १२ वर्षांचा करार झाल्यावर ती आखली गेली. प्रत्येक क्लबाला २० पैकी गुण मिळतात: चाहतावर्गासाठी ५, मैदानावरील कामगिरीसाठी ५, आर्थिक स्थितीसाठी ४.५, मैदानाच्या सोयींसाठी ३ आणि भोवतालच्या लोकवस्तीसाठी २.५. पंधरा किंवा अधिक गुण मिळवणारा क्लब ‘अ’ श्रेणीत जातो आणि त्याची जागा पक्की होते. चाहत्यांना कामगिरीइतकेच वजन देणे हे या पद्धतीचे बलस्थान आहे, आणि पुढे काहीही बदलले तरी ते सोडू नये. उणीव संक्रमणकाळात दिसली. लंडन ब्रॉन्कोसने २०२३ साली चॅम्पियनशिप (सुपर लीगखालची श्रेणी) जिंकून बढती मिळवली, पण त्याच सुमारास प्रसिद्ध झालेल्या प्राथमिक गुणांकनात तो क्लब चोविसावा होता. म्हणजे २०२४ च्या हंगामात कितीही सामने जिंकले तरी अखेरीस खाली जायचेच, हे पहिला चेंडू उडण्यापूर्वी उघड होते. अशा संघाच्या सामन्याला नवा माणूस कशासाठी येईल?

म्हणून प्रवेशाचा नियम ठरवताना दोन्हींची सांगड घालावी. बहुतेक जागा गुणांकनाने द्याव्यात, पण खालच्या श्रेणीतल्या विजेत्यासाठी एक दार उघडे ठेवावे: त्याचे गुण ठरावीक किमान मर्यादेपेक्षा अधिक असतील तर त्याला प्रवेश मिळावा आणि मिळाल्यावर निदान दोन हंगाम संरक्षण असावे, म्हणजे त्याला संघ बांधता येईल. किमान मर्यादा हंगामाच्या आधी जाहीर करावी. गुणांकनाचा प्रत्येक घटक कोणालाही पडताळता येईल असा असावा. समाजमाध्यमांवरील अनुयायांसारखे फुगवता येण्याजोगे आकडे त्यात नगण्य ठेवावेत आणि प्रत्यक्ष भरलेल्या खुर्च्यांना अधिक मोल द्यावे. हा नियम दहा वर्षे बदलणार नाही, असे लेखी बंधन घालावे. किंचित सदोष नियम दहा वर्षे टिकला, तर तो दर तीन वर्षांनी बदलणाऱ्या उत्तम नियमापेक्षा प्रेक्षकांच्या अधिक कामाचा असतो.

पैशाची तपासणी हंगामाच्या आधी

२०२५ च्या पहिल्याच फेरीत सॅल्फर्डने सेंट हेलन्सविरुद्ध ८२-० अशी हार पत्करली. आर्थिक अडचणींमुळे क्लबवर खेळाडूंच्या वेतनखर्चाची मर्यादा घातली गेली होती आणि मैदानात बहुतांशी नवखी मुले उतरवावी लागली होती. तिकिटाचे पैसे भरलेल्या दोन्हीकडच्या प्रेक्षकांची ती फसवणूक होती, आणि हंगामाचे उद्‌घाटन पाहायला प्रथमच बसलेल्या माणसाला खेळाची हीच ओळख झाली. केंद्रीय निधीचा हप्ता देण्यापूर्वी, हंगाम संपताच, प्रत्येक क्लबाकडून पुढच्या वर्षाच्या वेतनखर्चाची तरतूद दाखवणारी कागदपत्रे घ्यावीत. मालकाच्या आश्वासनावर विसंबू नये. निधीचा काही भाग समान वाटून उरलेला प्रथमच आलेल्या प्रेक्षकांच्या संख्येशी जोडावा, म्हणजे प्रत्येक क्लबाला बाहेर पडून माणसे आणण्याचे कारण मिळेल.

नवी शहरे

सुपर लीगचा पहिलाच सामना २९ मार्च १९९६ रोजी पॅरिसमध्ये झाला आणि त्याला १७,८७३ प्रेक्षक आले. दोन हंगामांत पॅरिसचा संघ बंद पडला. टोरंटोचा वुल्फपॅक हा संघ तळाच्या श्रेणीतून चढत २०२० साली सुपर लीगमध्ये आला आणि त्याच वर्षी, कोविडच्या काळात, बाहेर पडला. याउलट पेर्पिन्याँचा कॅटलन्स ड्रॅगन्स २००६ पासून टिकून आहे, त्याने २०१८ साली चॅलेंज कप जिंकला आणि २०१९ साली बार्सिलोनाच्या कॅम्प नोऊवर विगनविरुद्धच्या सामन्याला ३१,५५५ प्रेक्षक आणले. फरक मातीचा आहे. दक्षिण फ्रान्समध्ये हा खेळ पूर्वीपासून रुजलेला होता; व्हिशी सरकारने १९४१ साली त्यावर बंदी घालून मालमत्ता जप्त केली, तरी गावोगावचे क्लब पुन्हा उभे राहिले होते. कॅटलन्सला सुरुवातीला तीन वर्षे घसरणीपासून संरक्षणही मिळाले. नवे शहर निवडताना तेथे कुमारगटाचे सामने होतात का, स्थानिक पंच आहेत का आणि मालक गेल्यास क्लब चालवणारे दहा लोक सापडतील का, एवढे पाहावे. विमानतळ किती मोठा आहे, हे नंतर पाहिले तरी चालते.

क्लबाच्या दारात

केंद्रीय फेररचना कितीही नेटकी असली, तरी माणूस शेवटी एका क्लबाच्या दारात येतो. ली या गावाच्या क्लबने २०२२ च्या अखेरीस ‘सेंच्युरियन्स’ हे नाव टाकून ‘लेपर्ड्स’ हे नाव घेतले, बिबट्याच्या ठिपक्यांचे कपडे घातलेल्या प्रेक्षकांची चेष्टाही झाली. त्याच क्लबने २०२३ साली चॅलेंज कप जिंकला आणि ते ठिपके वेम्बलीभर दिसले. सामन्याआधी संगीत, मुलांसाठी स्वस्त तिकीट, सामन्यानंतर खेळाडूंशी भेट या गोष्टी अगदी साध्या आहेत, परंतु त्या सातत्याने करणारे क्लब थोडे. मैदान मोठे असण्यापेक्षा भरलेले असणे महत्त्वाचे: फुटबॉल क्लबाबरोबर वाटून घेतलेल्या २५,००० आसनांच्या मैदानात ८,००० माणसे विखरून बसली की पडद्यावर रिकाम्या खुर्च्याच दिसतात, म्हणून अशा ठिकाणी एक बाजू बंद ठेवून कॅमेऱ्यासमोरची बाजू भरावी. लीड्सचे हेडिंग्ले हे सोयींच्या बाबतीत पाहण्यासारखे आहे. २००२ साली भारताने जेथे डावाने कसोटी जिंकली त्या क्रिकेट मैदानाला लागूनच रग्बीचे मैदान आहे, आणि मधल्या एकाच इमारतीची एक बाजू क्रिकेटकडे व दुसरी रग्बीकडे उघडते. बांधकामाचा आणि खानपानाचा खर्च दोन खेळांत विभागला जातो.

आता संघसंख्या

एवढे ठरल्यावर आकडा हिशेबाने निघतो. १४ संघ असतील तर घरचे व बाहेरचे मिळून २६ सामने होतात, जादा फेऱ्या न खेळवता घरचे १३ सामने मिळतात आणि गुणतक्ता न्याय्य राहतो. मात्र केंद्रीय निधी तेवढाच राहिला तर प्रत्येक क्लबाचा वाटा सुमारे १४ टक्क्यांनी घटतो, आणि चांगले खेळाडू दोन अधिक संघांत विभागले जातात. २०२६ साली ब्रॅडफर्ड, यॉर्क आणि तुलूज आत आले व सॅल्फर्ड बाहेर गेले. यांत ब्रॅडफर्डसारखे मोठे, जुना चाहतावर्ग असलेले शहर परत येणे हे घटणाऱ्या वाट्याची भरपाई करू शकते, पण तशी भरपाई करणारे संघ हाताशी नसतील तर बारावरच थांबावे.

निर्णयाची पद्धत शेवटची, परंतु तीच बहुधा सगळे उधळते. ज्या क्लबांची जागा धोक्यात आहे त्यांनाच जागांच्या नियमावर मत द्यायला लावले, तर ते स्वतःला वाचवणाऱ्या बाजूनेच मत देणार. म्हणून संघसंख्या आणि प्रवेशाचे नियम स्वतंत्र समितीने ठरवावेत, क्लबांना त्यावर लेखी हरकत घेता यावी, आणि कोणताही बदल मंजुरीनंतर दोन हंगामांनीच लागू व्हावा. पहिला आढावा तिसऱ्या हंगामानंतर घ्यावा. त्यात सरासरी उपस्थितीपेक्षा दोन आकडे आधी पाहावेत: पहिल्या वर्षी प्रथमच आलेल्यांपैकी किती जण तिसऱ्या वर्षीही आले, आणि गुणतक्त्यात शेवटच्या चार क्रमांकांवर असलेल्या क्लबांच्या ऑगस्टमधील सामन्यांना किती माणसे होती. हे दोन्ही आकडे घसरलेले असतील तर आधी वेळापत्रक आणि तिकिटांचे दर तपासावेत. संघसंख्येला दहा वर्षे पूर्ण होईपर्यंत हात लावू नये.